इथर, शिशाचा आरसा आणि आईचा सिलिंडर

गेल्या वीकांताला पुसदला जाऊन आलो. पुण्याहून रात्रीची ट्रॅव्हल्स, पाठीचा पार भुगा, सकाळी घरी. आंघोळ करून चहाला बसतो न बसतो तोच आईने मोबाईल पुढे केला.

"हे वाच बरं. सिलिंडरमंधी इथर मिसळनार म्हणते. हे तेच ना रे, ज्यानं माणूस बेशुद्ध पडते?"

व्हॉट्सॅपवर कुणीतरी फॉरवर्ड केलेला निरोप होता. त्यात पाच उद्गारचिन्हं आणि एक लाल दिवा. मी नेहमीप्रमाणे "काही नाही गं, अफवा असतात" म्हणून टाकणार होतो, पण ती अफवा नव्हती. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे आपल्या पाषाण रोडच्या एनसीएलमध्ये, डायमिथाइल इथर बनवण्याचं छोटं संयंत्र आणि त्यावर चालणारा बर्नर तयार झालेला आहे. एलपीजीत ते काही प्रमाणात मिसळून आयात कमी करायची, असा विचार आहे. म्हणजे आईचा प्रश्न खराच होता, आणि मला त्याचं धड उत्तर येत नव्हतं. इंजिनिअरिंगची डिग्री असून! (आमच्या घरी हे वाक्य फार ऐकू येतं.)

बेशुद्ध पाडणारं ते डायइथाइल इथर. १८४६ साली बोस्टनमध्ये मॉर्टनने ते ऑपरेशनसाठी वापरून दाखवलं. ते ३५ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणजे आमच्या पुसदच्या मे महिन्यात बाटलीचं झाकण उघडं राहिलं तर विस्तवाचीसुद्धा गरज नाही. सिलिंडरवालं डायमिथाइल इथर त्याचं धाकटं भावंड. ते उणे २५ अंशांना उकळतं, म्हणजे प्रोपेन (उणे ४२) आणि ब्युटेन (जवळपास शून्य) यांच्या बरोबर मध्ये बसतं. म्हणून तर एलपीजीत ते सहज मिसळतं. एवढं मी आईला सांगितलं. तिने मान डोलावली आणि विचारलं, "पन ते घरात गळलं त कुठी जाते?"

हा प्रश्न मात्र मला रविवारभर पुरला. पुण्यात परत आल्यावरही.

त्याआधी एक जुनी आठवण सांगतो. मी बारावीत असतानाची गोष्ट. प्रयोगशाळेत वरच्या फळीवर एक तपकिरी बाटली होती, इथरची. कित्येक वर्षं कुणी हात लावला नसावा. एका दुपारी लॅबमधले काका आवराआवर करताना ती खाली घेऊन बूच फिरवणार, एवढ्यात सरांनी त्यांचं मनगट धरलं. नुसतं धरलं नाही, जाम आवळलं. बाटलीच्या तोंडाशी पांढरे खडे जमले होते. सर काहीच बोलले नाहीत, काकांच्या हातून ती बाटली अगदी हळू टेबलावर ठेवली, आणि मग आम्हा सगळ्यांना ओरडून बाहेर काढलं. दोन दिवस प्रयोगशाळा बंद. पुढे त्या बाटलीचं काय झालं आम्हाला कधी कळलं नाही. तिसऱ्या दिवशी सरांनी फळ्यावर एक शब्द लिहिला: पेरॉक्साइड. ते खडे नुसत्या घर्षणाने फुटू शकतात, एवढंच सांगितलं आणि धडा पुढे नेला. काका मागच्या बाकावर बसून ऐकत होते.

गंमत म्हणजे आईच्या प्रश्नाचं उत्तर आणि त्या खड्यांचं कारण एकच आहे. फ्री रॅडिकल, पुस्तकी मराठीत मुक्त मूलक, इथरच्या रेणूवर किती वेगाने तुटून पडतात, ते. आणि हा वेग मोजायला माणसाला कसं जमलं याचा इतिहास माझ्या मते एखाद्या रहस्यकथेच्या तोडीचा आहे. म्हणून हा लेख.

तर मंडळी, मुक्त मूलक म्हणजे एक इलेक्ट्रॉन एकटा, बिनजोडीचा राहिलेला रेणू. तो जोडी मिळेपर्यंत स्वस्थ बसत नाही, शेजाऱ्याचा हायड्रोजन ओढून घेतो. मग शेजारी मूलक होतो. १९०० साली अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात मोझेस गोम्बर्गने असा एक मूलक पहिल्यांदा दाखवला. त्याला वेगळंच काहीतरी बनवायचं होतं, हाती हे लागलं. पठ्ठ्याने त्या लेखाच्या शेवटी हा विषय आपल्यासाठी राखून ठेवतो असंही लिहून टाकलं! पण त्याचा मूलक भलामोठा, तीन बेंझिन वलयांच्या आडोशाला बसलेला, म्हणूनच टिकलेला. मिथाइलसारखा छोटा, उघडा मूलक वायूत मोकळा फिरू शकतो यावर बहुतेकांचा विश्वास नव्हता.

आता इथर या गोष्टीत शिरतं. १९२० च्या दशकात ऑक्सफर्डला सिरिल हिन्शेलवूड नावाचा तिशीतला माणूस कॉलेजच्या प्रयोगशाळेत वायू तापवून त्यांचा दाब मोजत बसे. त्या काळातला मोठा प्रश्न असा: एखादा रेणू स्वतःहूनच, एकट्याने, कसा काय फुटतो? त्याला तुटायची ऊर्जा कोण देतं? १९२२ मध्ये लिंडमनने सुचवलं होतं की रेणू टकरींतून ऊर्जा कमावतो, थोडा वेळ ती अंगात बाळगतो, आणि मग एकतर दुसऱ्या टकरीत गमावतो किंवा फुटतो. छान कल्पना, पण पुरावा? हिन्शेलवूडने आणि त्याच्या सहकाऱ्याने १९२७ मध्ये डायमिथाइल इथर घेतलं. होय, आईच्या सिलिंडरवालंच! ते चारशे-पाचशे अंशांपर्यंत तापवलं की मिथेन, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन मिळतात. एका रेणूचे तीन, म्हणजे बंद भांड्यात दाब तिप्पट. पाऱ्याचा दाबमापक आणि घड्याळ, झाला प्रयोग. आम्ही बारावीत थायोसल्फेटच्या बीकरखाली फुली काढून ती कधी दिसेनाशी होते ते बघायचो, तसंच. (फक्त आम्ही वाचनं मागच्या बॅचच्या जर्नलमधून उतरवायचो. त्याने खरी घेतली.)

आकडे सिद्धान्ताशी सुरेख जुळले. दाब पुरेसा असताना अर्धं इथर संपायला लागणारा वेळ सुरुवातीच्या दाबावर अवलंबून नाही, म्हणजे प्रथम कोटीची अभिक्रिया. दाब कमी केला की वेग घसरतो, कारण टकरी कमी पडतात. त्यात हायड्रोजन सोडला की टकरी परत मिळतात आणि वेग सावरतो. आणखी काय हवं? रेणू एकटाच फुटतोय, सिद्ध झालं. इथर हे त्या सिद्धान्ताचं लाडकं उदाहरण बनलं.

आणि ते चुकीचं होतं.

ज्यांनी कधी प्रॉडक्शनमधला बग शोधलाय त्यांना ही भावना माहीत असेल. आमच्या टीममध्ये एकदा एका जॉबला वेळ लागत होता. मी इंडेक्स टाकला, जॉब पळायला लागला, मी तीन परिच्छेदांचं कारण लिहून तिकीट बंद केलं. महिनाभराने कळलं की त्याच रात्री कुणीतरी सर्व्हरची मेमरी वाढवली होती. माझा आलेख अगदी बरोबर होता. कारण तेवढं चूक होतं. असो.

इथरच्या बाबतीत ती मेमरी वाढवणारा माणूस होता फ्रिट्झ पानेथ. व्हिएन्नात जन्मलेला, तेव्हा बर्लिनमध्ये असलेला. १९२९ साली त्याने आणि हॉफेडिट्झने जो प्रयोग केला तो मला आजवर वाचलेल्या सगळ्यांत सुंदर प्रयोगांपैकी एक वाटतो. लेसर नाही, संगणक नाही. एक लांब काचनळी. तिच्यातून अगदी कमी दाबाचा हायड्रोजन जोरात वाहतोय आणि त्यात टेट्रामिथाइल लेडची थोडीशी वाफ. नळीला एका जागी बर्नर लावला. तिथे रेणू मोडतो आणि आतल्या भिंतीवर शिशाचा चकचकीत आरसा उमटतो. मग बर्नर तिथून काढून प्रवाहाच्या वरच्या अंगाला, थोडा अलीकडे, लावायचा. आता नवा आरसा अलीकडे उमटू लागतो... आणि पलीकडचा जुना आरसा हळूहळू नाहीसा होतो!

तो आरसा खाल्ला कुणी? हायड्रोजन तर शिशाला हात लावत नाही. म्हणजे बर्नरपाशी जे काही मोकळं झालं ते नळीतून उडत जुन्या आरशापर्यंत पोचलं आणि शिशाशी जोडी जमवून पुन्हा टेट्रामिथाइल लेड होऊन निघून गेलं. ते म्हणजे मोकळा मिथाइल. बर्नर आणि आरसा यांतलं अंतर वाढवत नेलं की आरसा जायला वेळ जास्त लागतो, कारण वाटेतच बरेच मिथाइल संपतात. प्रवाहाचा वेग माहीत, अंतर माहीत, म्हणजे आयुष्य माहीत: सेकंदाचे काही हजारांश. पट्टी आणि घड्याळ घेऊन माणसाने हजारांश सेकंद जगणारी वस्तू मोजली. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा लॅपटॉप बंद करून गॅलरीत जाऊन आलो.

पानेथचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला तेव्हा तो इंग्लंडमध्ये होता. ज्यू आईबापांचा मुलगा. तो परत गेला नाही. १९३९ पासून डरहॅमला प्राध्यापक झाला आणि १९५३ मध्ये जर्मनीला, माइन्झला परतला. 

आरशाची युक्ती अमेरिकेत एफ. ओ. राइसने उचलली. त्याने अनेक सेंद्रिय पदार्थांची वाफ तापलेल्या नळीतून सोडली आणि आरसे गायब होताना दाखवले. म्हणजे तापवलेल्या वाफेत मूलक असतातच. १९३४ मध्ये राइस आणि हर्झफेल्ड यांनी कागदावर गणित मांडलं: समजा एखादाच रेणू फुटून मूलक झाला, त्याने शेजाऱ्याचा हायड्रोजन ओढला, तो शेजारी मोडला, त्यातून पुन्हा तोच मूलक निघाला, अशी साखळी हजारो वेळा फिरली, तरी अंतिम हिशेब साध्या प्रथम कोटीसारखाच दिसू शकतो. म्हणजे हिन्शेलवूडचे आकडे दोन्ही कथांना जुळतात! डायमिथाइल इथरची साखळी तर फारच आटोपशीर आहे. मिथाइल येतो, इथरचा एक हायड्रोजन घेऊन मिथेन होतो. उरलेला मूलक दोन तुकडे होतो: फॉर्माल्डिहाइड आणि पुन्हा एक मिथाइल. मिथाइल चालला पुढच्या इथरकडे.

इथे हिन्शेलवूड मला फार आवडतो. त्याने आपलं उदाहरण वाचवण्यासाठी वाद घालत बसण्यापेक्षा स्वतःच ते तपासायला घेतलं. १९३६ च्या सुमाराला त्याने आणि स्टेव्हलीने तापलेल्या इथरमध्ये चिमूटभर नायट्रिक ऑक्साइड सोडलं. या रेणूतही एक इलेक्ट्रॉन एकटा असतो, त्यामुळे तो मूलकाला चट्कन पकडतो. साखळी असेल तर तुटेल, नसेल तर काही होणार नाही. वेग धाडकन खाली आला. साखळी होती. मात्र नायट्रिक ऑक्साइड कितीही वाढवलं तरी वेग एका मर्यादेखाली जाईना. उरला तो भाग म्हणजे माझा जुना एकटा फुटणारा रेणू, असं त्याने मानलं. १९५०-६० च्या दशकांत इतरांनी दाखवलं की त्या उरलेल्या भागातही बऱ्याच अंशी साखळीच आहे. १९५६ मध्ये त्याला सेम्योनोव्हबरोबर नोबेल मिळालं, रासायनिक अभिक्रिया कशा घडतात यावरच्या कामासाठी. लिंडमनची कल्पना तशी बरोबरच होती, आजही शिकवतात. उदाहरण फक्त चुकलं.

मधला प्रवास भरभर सांगतो. १९४९ मध्ये केंब्रिजला नॉरिश आणि पोर्टर यांनी प्रकाशाचा एक जबर झटका देऊन क्षणात मूलक बनवायची आणि लगेच दुसऱ्या झटक्यात त्यांचा वर्णपट टिपायची रीत काढली. पोर्टर युद्धात नौदलात रडारवर काम करून आलेला, स्पंद म्हणजे काय हे त्याला हातच्या मळासारखं माहीत. पुढे दिव्यांच्या जागी लेसर आले. शिशाचा आरसा इतिहासजमा झाला.

आणि मग प्रश्न भट्टीतून उघड्या हवेत आला. १९७१ मध्ये हायरम लेव्हीने मांडलं की आपण श्वास घेतो त्या हवेतच दिवसाढवळ्या मूलक तयार होतात. ऊन ओझोनला फोडतं, सुटलेला तापट ऑक्सिजन पाण्याच्या वाफेशी भिडतो आणि हायड्रॉक्सिल जन्मतो. किती? साखरेच्या क्यूबएवढ्या हवेत साधारण दहा लाख. ऐकायला पुष्कळ वाटतं, पण तेवढ्याच जागेत हवेचे इतके रेणू असतात की पंचवीस लाख कोटींत एक हायड्रॉक्सिल पडतो. तरीही हवा धुण्याचं बहुतेक काम तोच करतो. आणि ऊन नि वाफ दोन्ही लागत असल्याने उष्ण प्रदेशांत तो सर्वांत मुबलक. म्हणजे आमचं पुसद या कामासाठी उत्तम ठिकाण. निदान पाऊस उघडल्यावर ऊन पडतं तेव्हा तरी.

आता हे मोजायचं तर महाराष्ट्राबाहेर जायची गरज नाही. मुंबईत ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रात हेच काम चालत आलंय. अणुवाल्यांना इथरशी काय घेणं, असं मलाही वाटलं होतं. पण किरणोत्सार पाण्यावर पडला की पाणी मोडून हायड्रॉक्सिल निघतो, त्यामुळे अणुभट्टीवाल्यांना मूलकांची ओळख पहिल्यापासून ठेवावीच लागते. तिथल्या गटाने २०१४ मध्ये वलयाकार, दुहेरी बंध असलेल्या इथरांचे (डायहायड्रोफ्युरान वगैरे) हायड्रॉक्सिल, क्लोरीन अणू आणि ओझोन या तिघांशीही होणारे वेग मोजून प्रसिद्ध केले. क्लोरीन कशाला? तर समुद्राचं मीठ. किनाऱ्याच्या हवेत पहाटे पहाटे क्लोरीनचे अणू सुटतात. ट्रॉम्बेला खाडी आहे, पुसदला पूस नदी. आमच्याकडे क्लोरीनचा हिशेब सोडून दिला तरी चालेल.

मोजायची एक रीत फार सोपी आहे. मूलक किती आहेत हे मोजणं महाकठीण, म्हणून ते मोजायचंच नाही. ज्याचा वेग आधीच पक्का माहीत आहे असा एक पदार्थ आणि आपलं इथर, दोघांना एकाच भांड्यात कोंडायचं, दिवा लावून मूलक सोडायचे, आणि अधूनमधून थोडा नमुना काढून दोघं किती उरले ते बघायचं. दोघांवर हल्ला करणारी फौज एकच, तेव्हा घटण्याचं गुणोत्तर म्हणजेच वेगांचं गुणोत्तर. जत्रेतल्या शर्यतीत स्टॉपवॉच नसलं तरी कोण कुणाच्या किती पट पळतो ते कळतंच की!

मग या मोजमापांतून आईचं उत्तर असं निघतं. डायमिथाइल इथर आणि हायड्रॉक्सिल यांच्या साधारण शंभर टकरींतली एखादी यशस्वी होते. मिथेनच्या बाबतीत हजारो टकरी वाया जातात. फरक पडतो तो मधल्या ऑक्सिजनमुळे. त्याच्या शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन सैल असतो, मूलकाच्या हाताला पटकन लागतो. या हिशेबाने खिडकीतून बाहेर गेलेलं डायमिथाइल इथर हवेत सरासरी चार-पाच दिवस टिकतं. एलपीजीतला ब्युटेनही जवळपास तेवढाच, प्रोपेन त्याच्या दुपटीहून जास्त. बेशुद्धीवालं डायइथाइल इथर सुमारे एका दिवसात संपतं. ट्रॉम्बेवाली वलयं तर काही तासांत. म्हणजे सिलिंडरमधल्या इथरने हवेचं काही आगळंवेगळं होणार नाही. हां, ते संपताना गाड्यांच्या धुरातल्या नायट्रिक ऑक्साइडच्या संगतीने थोडा ओझोन बनवतं. तोही एलपीजी बनवतोच. पुसदपेक्षा पुण्याच्या चौकात ही काळजी जास्त.

आणि ते पांढरे खडे? तेच सैल हायड्रोजन. बाटलीतल्या हवेचा ऑक्सिजन आणि वर्षानुवर्षं सावकाश फिरणारी मूलकांची साखळी. डायइथाइल इथरमध्ये ऑक्सिजनच्या शेजारी दोन हायड्रोजनवाला कार्बन असतो, तो लवकर हार मानतो. डायमिथाइलमध्ये नुसते मिथाइल असतात, त्यामुळे ते असे पेरॉक्साइड सहजासहजी बनवत नाही. एका कार्बनचा फरक. लॅबवाल्या काकांचा हात शाबूत राहिला तो सरांमुळे, पण सिलिंडर कंपन्यांना ती भीती नाही ती या फरकामुळे.

फोन करून हे सगळं आईला सांगितलं. चांगली वीस मिनिटं. पानेथचा आरसा तिला आवडला. बाकीचं तिने "हो, हो" करत ऐकलं. मग म्हणाली, "म्हंजे बेशुद्ध त नाही पडत?"

"नाही पडत. पण एकाच वजनात त्याची आच एलपीजीपेक्षा कमी, साधारण दोन-तृतीयांशापेक्षाही थोडी कमी. अन् एक, ते रबराला खराब करतं. आपल्या शेगडीची नळी कधीची आहे?"

पलीकडे शांतता. मग ओट्याखाली वाकल्याचा आवाज, चष्मा शोधल्याचा आवाज. नळीवर छापलेली मुदत २०२१ मध्येच संपलेली निघाली. सोमवारी बाबा एजन्सीत जाऊन नवीन घेऊन आले.